शेवरोले सी-१०ची ड्युअल एक्झॉस्ट किट्स: सायलेन्सर नंतर, आधी जोड बघा

१९६७ ते १९७२ या सालांतल्या शेवरोले सी-१० पिकअपसाठी अमेरिकेत तयार ड्युअल एक्झॉस्ट किट्स, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा धूर वेगवेगळ्या पाईपांनी मागे नेणारे संच, भरपूर मिळतात. फ्लोमास्टर, मॅग्नाफ्लो, पाइप्स (Pypes) ही कंपन्यांची नावं जुन्या ट्रकवाल्यांच्या तोंडी असतात आणि गप्पा नेहमी एकाच प्रश्नावर येऊन अडतात: सायलेन्सर कुठला? खरं तर या ट्रकवर सगळ्यात कमी त्रास देते ती वस्तू म्हणजे सायलेन्सर. किट खडखडायला किंवा फुसफुसायला लागतं ते मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून पाईपमध्ये सोडणाऱ्या भागाच्या) जोडाशी, गिअरबॉक्सखालच्या क्रॉसमेंबरपाशी (चॅसीच्या आडव्या पट्टीपाशी) आणि मागच्या ॲक्सलवर. त्यामुळे या परीक्षणात त्या जागा आधी, आवाज नंतर.

नमुना म्हणून धरलेला ट्रक असा: ३५० घनइंची स्मॉल-ब्लॉक व्ही-८, ओतीव लोखंडाचे मॅनिफोल्ड, टर्बो-हायड्रामॅटिक ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे ट्रेलिंग आर्मवर (ॲक्सलला धरणाऱ्या लांब दांड्यांवर) कॉइल स्प्रिंग. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणी पहिला जुना ट्रक घेत असेल, तर बहुधा याच घडणीचा हाती येतो.

अडीच की सव्वादोन?

बहुतेक किट्स अडीच इंची असतात. १६ गेज पत्र्याच्या पाईपची भिंत ०.०६५ इंचाची, म्हणजे बाहेरून अडीच इंच असलेला पाईप आतून २.३७ इंच आणि आतलं क्षेत्रफळ ४.४ चौरस इंच. एक्झॉस्टवाल्यांचा ढोबळ हिशेब सांगतो की सरळ पाईपच्या दर चौरस इंचातून मिनिटाला ११५ घनफूट वायू सुखाने जातो आणि दर हॉर्सपॉवरमागे २.२ घनफूट लागतो. या हिशेबाने अडीच इंची दोन पाईप ४६० हॉर्सपॉवरपर्यंत पुरतात, सव्वादोन इंची दोन ३७०पर्यंत. १९७० साली या ट्रकमधल्या ३५० इंजिनाला कंपनी २५५ ग्रॉस (नुसत्या इंजिनाची, जोडसामानाशिवाय मोजलेली) हॉर्सपॉवर लिहीत होती. पुढे मोजण्याची पद्धत बदलली आणि १९७२ला तो आकडा १७५ नेट (सगळं जोडसामान लावून मोजलेला) झाला. म्हणजे इंजिन मूळ स्थितीत असेल तर सव्वादोन इंच भरपूर होतात.

मग अडीच का घ्यायचे? सायलेन्सर, क्लॅम्प, टोकाचे तुकडे या मापात सहज मिळतात आणि पुढे कॅमशाफ्ट किंवा हेड बदलले तरी पाईप बदलावे लागत नाहीत. तीन इंची मात्र या ट्रकवर घेऊ नयेत. रस्त्यावरच्या ३५०ला त्याचा फायदा नाही, क्रॉसमेंबरपाशी जागा पुरत नाही आणि केबिनमधली घुमघुम वाढते.

मापापेक्षा वाक महत्त्वाचा. मँड्रेलवर (आतून आधार देणाऱ्या साच्यावर) वाकवलेल्या पाईपचा व्यास वाकातही तसाच राहतो. साध्या प्रेसवर वाकवलेला पाईप वाकात चपटा होतो, म्हणजे अडीच इंचाचे पैसे देऊन ॲक्सलवरच्या वाकात सव्वादोनही मिळत नाहीत. खोक्यातून पाईप काढल्या काढल्या वाकावर कॅलिपर लावा, दोन दिशांना मोजा. फरक जाणवण्याइतका असेल तर पाईप परत करा.

मॅनिफोल्डचा जोड

स्मॉल-ब्लॉकचा जुना ‘रॅमहॉर्न’ मॅनिफोल्ड, म्हणजे मध्यातून खाली तोंड असलेला, हा या किट्सचा सगळ्यात चांगला जोडीदार. हेडर (मॅनिफोल्डऐवजी लावायचा, दर सिलिंडरला वेगळी नळी असलेला संच) लावण्याआधी तोच ठेवून बघा. लांब नळ्यांचे हेडर वरच्या आरपीएमला ताकद देतात हे खरं, पण या चॅसीत त्यांची नळी उजव्या बाजूच्या स्टार्टरच्या अगदी अंगावर येते. तापलेला स्टार्टर मग गाडी गरम असताना कण्हत फिरतो किंवा फिरतच नाही. हाताने बदलायचा गिअर असेल तर डाव्या बाजूला क्लचच्या दांड्यांशीही झटापट होते. शिवाय पातळ फ्लँजचे गॅस्केट वरचेवर जातात. रोज चालवायच्या ट्रकला रॅमहॉर्नचं अडीच इंची तोंड जास्त मानवतं. त्याची दोन इंची तोंडाचीही आवृत्ती आहे. किट मागवण्याआधी आपल्या मॅनिफोल्डचं तोंड मोजून घ्या, कारण फ्लँज (पाईपच्या टोकाची जोडपट्टी) आणि गोल डोनट गॅस्केट (जोडातली गळती रोखणारं कडं) त्याच मापाचे लागतात.

तोंडाला तीन स्टड असतात, ३/८ इंची. पन्नास वर्षं तापून-निवून ते मॅनिफोल्डशी एकजीव झालेले असतात. नट थेट पान्याने फिरवला तर स्टड मुळातून तुटतो, आणि नव्या किटच्या कामातला निम्मा वेळ तुटका स्टड काढण्यात जातो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. काम सुरू करताना नट टॉर्चने लाल होईपर्यंत तापवा, किंचित निवू द्या आणि मागे-पुढे हलवत काढा. टॉर्च पेटवण्याआधी जवळची पेट्रोलची नळी आणि वायरिंग झाका. नवे स्टड बसवताना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा आणि नट पितळी घ्या. पितळी नट गंजून स्टडला धरत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी हे सगळं करावं लागत नाही. काही किट्समध्ये साधे लोखंडी नट येतात. थोड्या पैशांसाठी केलेली ही काटकसर अनाकलनीय आहे.

उजव्या बाजूला मॅनिफोल्ड आणि पाईप यांच्यामध्ये हीट रायझर झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, त्या बाजूचा गरम धूर इनटेकखालून फिरवते आणि कार्बुरेटर लवकर तापवते. जुन्या ट्रकमध्ये ती बहुतेकदा गंजून एकाच जागी बसलेली असते. अर्धवट बंद बसली असेल तर उजव्या बाजूची चार सिलिंडर कायम गुदमरत चालतात आणि कितीही भारी किट लावलं तरी गाडी ओढत नाही. झडपेची दांडी हाताने फिरली पाहिजे. फिरत नसेल तर ती काढून त्याच जाडीचा स्पेसर घाला. थंडीच्या प्रदेशात नवी झडपच घालावी, नाहीतर सकाळी इंजिन बराच वेळ अडखळत राहील. किटमध्ये हा स्पेसर क्वचितच असतो. तो न घालता उजवा पाईप जोडला तर झडपेच्या जाडीइतका वर चढतो आणि मागचे सगळे जोड वाकडे बसतात. ‘किटचं फिटिंग खराब आहे’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं.

मॅनिफोल्ड हेडवरून उतरवलाच असेल तर बसवताना मधले बोल्ट ३० फूट-पौंड आणि टोकाचे २० फूट-पौंड कसा. टोकाचे जास्त कसले तर ओतीव लोखंडाला लांबीत सरकायला वाव राहत नाही आणि कान तडकतो. इंजिन थंड असताना टकटक ऐकू येऊन गरम झाल्यावर थांबत असेल, तर टॅपेटकडे बोट दाखवण्याआधी हा जोड तपासा.

क्रॉसमेंबर, लाकूड आणि ॲक्सल

या पिढीच्या ट्रकची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे असते. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याबद्दल काहीही म्हणा, पण एक्झॉस्ट बसवणाऱ्याला खालची जागा मोकळी मिळते. १९७३पासूनच्या ट्रकमध्ये टाकी चॅसीच्या पट्टीला बाहेरून लटकते. त्यामुळे १९७३ ते १९८७चं किट ‘थोडं कापून बसेल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, पाईपचा मार्गच वेगळा आहे. लांबीही नीट सांगा: आखूड हौद्याच्या ट्रकचा व्हीलबेस ११५ इंच, लांब हौद्याचा १२७ इंच. हे १२ इंच सायलेन्सरच्या पुढच्या सरळ पाईपमध्ये धरलेले असतात.

गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर ही पहिली खरी अडचण. मूळ क्रॉसमेंबर अडीच इंची अशा दोन पाईपांचा विचार करून बनवलेला नाही. पाईप त्याच्या खालून नेला तर तो ट्रकचा सगळ्यात खालचा भाग होतो आणि पहिल्याच उंच स्पीडब्रेकरला फ्लँज घासतो. दोन्ही बाजूंना कमानी असलेला नळीचा क्रॉसमेंबर बाजारात वेगळा मिळतो. गिअरबॉक्सही बदलणार असाल तर तो घेणंच शहाणपणाचं. मूळचाच ठेवायचा असेल तर किटच्या वर्णनात पाईप त्याच्या वरून जातो की खालून, हे खरेदीपूर्वी विचारा. चांगल्या किटच्या पत्रकात हे लिहिलेलं असतं.

मागे ट्रेलिंग आर्मच्या आडव्या पट्टीच्या वरून किंवा त्यातल्या मोकळ्या जागेतून पाईप जातो, पुढे ॲक्सलवरून कमान घेतो. इथे नियम एकच: फिटिंग करताना ट्रकचं वजन ॲक्सलवर असलं पाहिजे. चॅसी स्टँडवर ठेवून चाकं लोंबकळत सोडली तर ॲक्सल खाली उतरतो, पाईप ऐसपैस बसल्यासारखा वाटतो आणि ट्रक जमिनीवर उतरवल्यावर ॲक्सल पाईपला जाऊन भिडतो. स्टँड ॲक्सलखाली ठेवा. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर ॲक्सल कुठपर्यंत येतो ते रबरी बंपस्टॉपपर्यंतचं अंतर मोजून काढा आणि त्यावर आणखी एक इंच सोडा. ट्रक खाली बसवलेला असेल तर हे अंतर आधीच कमी झालेलं असतं. चार-पाच इंच उतरवलेल्या ट्रकवर मूळ उंचीसाठी वाकवलेली टेलपाईप बसत नाही, ती वेगळी मागवावी लागते.

बऱ्याच सी-१०च्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असतो. सायलेन्सर फळ्यांच्या अगदी खाली येत असतील तर मध्ये पत्र्याचं उष्णतारोधक कवच हवंच, आणि कवच व फळी यांत हवा खेळायला जागाही हवी. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची नळी आणि हँडब्रेकची केबल यांच्यापासून पाईप किमान एक इंच दूर ठेवा. पेट्रोलच्या नळीजवळ जास्तच सोडा. नळी तापली की उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते आणि लोक विनाकारण फ्यूल पंप बदलत बसतात.

दोन पाईप जोडायचे की नाही

जोडायचे. स्मॉल-ब्लॉकचा फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. विषम सिलिंडर डाव्या बाजूला, सम उजव्या. क्रम नीट वाचला तर डाव्या बाजूला ५ आणि ७ लागोपाठ पेटतात, उजव्या बाजूला ८ आणि ४. एकाच पाईपमध्ये दोन धक्के पाठोपाठ, मग मोकळी जागा. तोच तो व्ही-८चा गडगडता ताल. दोन्ही पाईप शेवटपर्यंत वेगळे ठेवले तर हा असमतोल आवाजातही ऐकू येतो आणि दाबातही राहतो. मधली जोडनळी तो वाटून घेते.

‘एच’ आकाराची नळी आवाज खोल आणि जुन्या ढंगाचा ठेवते. ‘एक्स’ आकारात दोन्ही प्रवाह मिसळतात, आवाज गुळगुळीत आणि वरच्या पट्टीत जातो. या ट्रकला ‘एच’ शोभतं, हे आमचं उघड पक्षपाती मत. दोन्हीत ताकदीचा फरक रस्त्यावर कळण्याइतका नाही. जागा मात्र महत्त्वाची: मॅनिफोल्डच्या पाईपचा वाक संपल्यावर जितकी पुढे नेता येईल तितकी न्या, पण गिअरबॉक्स उतरवताना आडवी येणार नाही इतपतच. वेल्ड करून कायमची बसवण्याऐवजी दोन्ही टोकांना बँड क्लॅम्प असलेली जोडनळी घ्या.

सायलेन्सर

फ्लोमास्टरचा सुपर ४४ हा कप्प्यांचा डबा. आत कापूस-लोकर काही नाही, नुसत्या पत्र्याच्या भिंती. खोकं १३ इंच लांब, ९.७५ रुंद, ४ जाड. बाहेर उभं राहून ऐकायला याच्यासारखा आवाज दुसरा नाही. केबिनमध्ये बसून दोन तासांचा हायवे करायचा असेल तर मात्र डोकं उठतं. त्याच कंपनीचा ५० सिरीज डेल्टा फ्लो १७ इंच लांब आहे. त्या चार इंचांत घुमघुम बरीच मरते. रोजच्या वापरासाठी आमची पसंती याला. कप्प्यांच्या डब्यात जळून जाण्यासारखं काही नसल्याने आवाज वर्षानुवर्षं तसाच राहतो, हा त्यांचा मोठा गुण.

मॅग्नाफ्लोच्या डब्यात छिद्रांची सरळ नळी आणि तिच्याभोवती स्टीलची जाळी व आवाज शोषणारं भरण असतं. १४ इंची, ५ बाय ८ लंबगोल डबा या ट्रकवर छान बसतो. अडथळा जवळपास नाही, आवाज स्वच्छ. भरण काळाने कमी होतं तसा तो थोडा कडक होतो. ग्लासपॅकमध्ये, म्हणजे चेरी बॉम्बसारख्या लाल नळकांड्यांत, हेच फार लवकर घडतं. स्वस्त आहेत, त्या काळाला शोभतात, पण त्यांना शांत कोणी म्हणणार नाही. डायनोमॅक्सचा सुपर टर्बो हा उलट्या टोकाचा: आत नागमोडी वाट, आवाज मूळ ट्रकच्या जवळचा. ‘टर्बो’ नावाचा त्यातल्या कशाशी संबंध नाही, ते नाव १९६०च्या दशकातल्या टर्बो कॉर्व्हेअरच्या सायलेन्सरवरून चिकटलं. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर हा घ्या.

घुमघुमीचं गणित सायलेन्सरइतकंच गिअरचंही आहे. ३.७३ गुणोत्तराची मागची डिफरन्शियल आणि २८ इंची टायर असेल तर ताशी ६० मैलांना तीन गिअरच्या गिअरबॉक्सवर इंजिन २,७००च्या आसपास फिरतं. त्याच ट्रकला ओव्हरड्राईव्हचा (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या वरच्या गिअरचा) ७००आर४ गिअरबॉक्स बसवला की तोच आकडा १,९००च्या खाली येतो, आणि कप्प्यांचा सायलेन्सर केबिन हलवतो तो नेमका १,८०० ते २,२००च्या पट्ट्यात. २,००० आरपीएमला व्ही-८ सेकंदाला १३३ वेळा पेटतो. बंद डब्यासारख्या केबिनला तो सूर फार आवडतो. म्हणून ओव्हरड्राईव्ह असलेल्या ट्रकवर सुपर ४४ लावू नये. आधीच लावला असेल तर सायलेन्सरमागे प्रत्येक पाईपला एका टोकाने बंद असलेली आडवी नळी वेल्ड करता येते, त्या सुरासाठी ७५ ते ९० सेंटिमीटर लांब. वायू जितका थंड, तितकी नळी आखूड लागते. म्हणून आधी लांब ठेवून थोडी थोडी कापत जा.

धातू आणि हँगर

ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं स्टील सगळ्यात स्वस्त, आणि कोरड्या प्रदेशात बरीच वर्षं टिकतं. फक्त वेल्डपाशी मुलामा जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. वेल्डवर उष्णता सोसणारा रंग मारा. ४०९ स्टेनलेसला चुंबक चिकटतो, वरून तांबूस डाग पडतात, पण ते भोक पडण्याइतकं सहसा कुजत नाही. रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत हेच घ्या. ३०४ स्टेनलेस चमकतं, महागही तितकंच, आणि तापल्यावर साध्या स्टीलपेक्षा जास्त लांबतं: तीन मीटरचा पाईप २०० अंशांनी तापला तर साधं स्टील ७ मिलिमीटर वाढतं, ३०४ दहा. घट्ट आवळलेल्या हँगरवर हे तीन मिलिमीटर वेल्ड तोडायला पुरेसे असतात.

पाईप आतूनही कुजतो. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी रोज दोन मैलच फिरली तर ते सायलेन्सरमध्ये साठतं. डब्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला १/८ इंची भोक असावं.

प्रत्येक बाजूला तीन हँगर (पाईप चॅसीला लटकवणारे आधार) हवेत: गिअरबॉक्सच्या शेवटाजवळ, सायलेन्सरच्या मागे आणि टेलपाईपच्या टोकाशी. सगळे रबराचे. किटमध्ये दोनच दिले असतील तर तिसरा विकत आणा. यू-बोल्टचे क्लॅम्प पाईप चिरडतात, मग तो जोड करवतीनेच सुटतो. त्याऐवजी रुंद पट्टीचे बँड क्लॅम्प वापरा आणि एकात एक जाणारे पाईप दीड ते दोन इंच आत घाला.

बसवण्याचा क्रम

पुढून मागे जोडत जा, पण शेवटचा तुकडा लागेपर्यंत एकही नट कसू नका. सगळं सैल असताना पाईप हाताने हलवून पाहा, कुठे काही लागत असेल तर तिथेच फिरवा. मग पुढून मागे कसत या. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची तार आधी काढा. टेलपाईप मागच्या चाकांच्या पलीकडे, हौद्याच्या बाहेर संपली पाहिजे. सायलेन्सरनंतर लगेच खाली तोंड करून सोडलेला पाईप दिसायला रांगडा वाटतो, पण या जुन्या केबिनच्या फरशीला असंख्य भोकं असतात आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गळती शोधायला व्हॅक्यूम क्लीनरचं फुंकणारं तोंड टेलपाईपला लावा, दुसरी टेलपाईप चिंधीने बंद करा आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. हे इंजिन थंड असतानाच. फेस आला की जोड सापडला. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट वाजत असेल तर बहुधा जोडातून हवा आत ओढली जात आहे. ऑक्सिजन सेन्सर लावून कार्बुरेटर जुळवणार असाल तर अशी गळती आधी बंद करा, कारण ती सेन्सरला मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचं खोटंच सांगते. सेन्सरची एम१८ मापाची वाटी पाईपच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर वेल्ड करा, म्हणजे पाणी सेन्सरवर साचणार नाही. एक्झॉस्ट मोकळा झाल्यावर मिश्रण थोडं पातळ होऊ शकतं. स्पार्क प्लग पांढरेफटक दिसले तर कार्बुरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक-दोन मापांनी वाढवा.

कायद्याचं थोडक्यात: १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात स्मॉग तपासणी माफ आहे, आवाजाची मर्यादा मात्र माफ नाही. ६,००० पौंडांखालच्या वाहनाला ९५ डेसिबल. सुपर ४४ आणि ‘एच’ नळी शहाणपणाने चालवली तर त्यात बसू शकते. ग्लासपॅक लावून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याने दंडाची तयारी ठेवावी.

पहिल्या शंभरेक मैलांनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, मॅनिफोल्डचे नट आणि सगळे क्लॅम्प पुन्हा कसा. डोनट गॅस्केट तापून दबतो आणि नट पाव फेरा तरी आत जातोच.